भिडे यांचं गवत

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबागचा रस्ता धरला, की दुतर्फा नव्या बंगल्यांची कुंपणं सुरू होतात. त्यांच्या फाटकांशी एक गवत हमखास दिसतं. जांभळट-तपकिरी पानं, कमानीसारखी वाकलेली लांबट मऊ कणसं. रोपवाटिकांत ते ‘फाउंटन ग्रास’ म्हणून मिळतं आणि एकेका पिशवीला चांगली किंमत पडते. त्याच फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या पडीक माळावर ऑक्टोबरात मारवेलाची जांभळी बोटं वाऱ्यावर हलत असतात. कुसळीचे तांबूस पट्टे उतरत्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात, ओढ्याकाठी मोया गवताचे झुबके झुकलेले असतात. बंगल्याचं काम निघालं की जेसीबी सगळ्यात आधी तो माळ खरवडतो. मग मातीचा भराव, मग लॉन, आणि लॉनच्या कडेला विकत आणलेलं गवत.

शोभेची गवतं बागेत लावावीत, या मताचा मी आहेच. पण रायगडच्या किनाऱ्यावर ती कोणती लावावीत, हा प्रश्न मला बरीच वर्षं पछाडून आहे. त्याचं उत्तर शोधताना मी रोपवाटिकांपेक्षा ग्रंथालयांत जास्त रमलो, आणि तिथे एका माणसाने मला अडवून ठेवलं. आर. के. भिडे हे त्यांचं नाव. वनस्पतीशास्त्राच्या वर्तुळाबाहेर ते कोणी उच्चारत नाही.

‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ 1935 मध्ये दिल्लीहून निघाला. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या शास्त्रीय प्रबंधमालेतला तो पाचवा. लेखक दोन: मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले चार्ल्स मॅक्कॅन. ब्लॅटर 1934 मध्येच वारले, ग्रंथ त्यांच्या हाती पडला नाही. झेवियर्समधला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, त्यामुळे ब्लॅटर निदान विद्यार्थ्यांना माहीत असतात. ग्रंथासाठी चित्रं काढणाऱ्यांत भिडे होते. मी तो ग्रंथ पहिल्यांदा उघडला तेव्हा मजकूर वाचायचं राहूनच गेलं, चित्रंच पाहत बसलो.

गवताचं शास्त्रीय चित्र काढणं म्हणजे काय, ते समजल्याशिवाय या कामाचं मोल कळत नाही. गुलाबाचं किंवा कमळाचं फूल समोर ठेवून काढता येतं. गवताला पाकळ्याच नसतात. त्याचं फूल दोन-चार मिलिमीटरच्या एका कणिशकात, एकात एक बसलेल्या कोरड्या खवल्यांच्या आड असतं. दाबून वाळवलेला नमुना आधी गरम पाण्यात भिजवून मऊ करायचा. मग भिंगाखाली धरून सुईने एकेक खवला सोडवायचा आणि त्यावरच्या शिरा मोजायच्या. कूस खवल्याच्या टोकातून निघते की पाठीतून, देठावर केस आहेत की नाहीत, हे ठरवायचं. एवढं झालं की मगच पेन्सिल हातात. यातली एक शीर चुकली तर गवताची ओळखच चुकते. भिडे यांच्या चित्रांत रेष कुठे थरथरत नाही आणि कुठे उगाच नटतही नाही. ठोंब कसा बसतो, पान खोडाला कुठे बिलगतं, कणीस कोणत्या बाजूला झुकतं, हे सगळं त्या काळ्या रेषेत येतं. माळावर उभं राहून एखादं गवत हातात धरावं आणि त्या पानाशी ताडून पाहावं, तर अजूनही ओळख पटते.

भिडे चित्रकार म्हणून बाहेरून बोलावलेले नव्हते. पुण्याच्या शेती खात्यात इकॉनॉमिक बॉटनिस्ट या अधिकाऱ्याच्या हाताखाली ते सहायक होते आणि स्वतः गवतांचे जाणकार होते. 1911 च्या सुमाराला एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातलं एक नवं गवत प्रसिद्ध केलं, ‘डँथोनिया गॅमिआय’. जॉर्ज गॅमी हे पुण्याचे इकॉनॉमिक बॉटनिस्ट, म्हणजे खात्याचे साहेब. पुढे लंडनच्या क्यू उद्यानातले गवततज्ज्ञ सी. ई. हबर्ड यांना हे गवत डँथोनियात बसेना. त्यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती उभी केली, ‘डँथोनिडियम’. भारताबाहेर ती कुठे नाही आणि तिच्यात जातीही एकच, भिडे यांनी ओळखलेली. पुण्यातल्या एका सहायकाने भिंगाखाली हे गवत वेगळं पाडलं आणि पुढच्या पिढीतल्या जगन्मान्य तज्ज्ञाला ते त्याच्या अंदाजापेक्षाही वेगळं आढळलं. याहून मोठी दाद शास्त्रात मिळत नाही.

दुसरी दाद यायला फार उशीर झाला. ऑटो स्टाप्फ हे क्यूमधले आणखी एक गवततज्ज्ञ. पश्चिम घाटातल्या एका अनोळखी गवताला त्यांनी ‘भिडिया’ हे नाव योजलं होतं. पण ते रीतसर प्रसिद्ध करण्याआधीच 1933 मध्ये ते वारले. शेवटी 1949 मध्ये नॉर्मन बोर यांनी क्यूच्या बुलेटिनमध्ये ते छापलं. बोर वनखात्यातले, भारतात आयुष्य घालवलेले, 1960 साली भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि पाकिस्तानातल्या गवतांचा जाडजूड ग्रंथ लिहिणारे. भिडिया या प्रजातीतल्या पहिल्या जातीचं पूर्ण नाव ‘भिडिया बर्न्सियाना’. विल्यम बर्न्स म्हणजे गॅमींनंतरचे पुण्याचे इकॉनॉमिक बॉटनिस्ट. हे नाव मला फार आवडतं. ब्रिटिश अमदानीतल्या शेती खात्यात साहेबाचं नाव वर आणि सहायकाचं खाली असणार, हे ठरलेलं. या गवतावर मात्र भिडे आधी येतात, बर्न्स नंतर. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणातल्या देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रजातीतली आणखी एक जाती शोधली आणि तिला बोर यांचं नाव दिलं, ‘भिडिया बोरी’. ज्याने भिडे यांचं नाव छापून आणलं, तो आता भिडे यांच्याच घरात राहतो.

बर्न्स यांच्याबद्दल मनात अढी ठेवायचं कारण नाही. कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी 1920 च्या दशकात पश्चिम भारतातल्या कुरणांचा फार चिकाटीने अभ्यास केला. चराई थांबवली तर माळ किती वर्षांत सावरतो, हे त्यांनी प्रत्यक्ष क्षेत्रं राखून पाहिलं. आज बाग करणाऱ्याच्या दृष्टीनेही तो अभ्यास उपयोगाचा आहे. त्याचा गाभा एवढाच: मुळं शाबूत असली आणि गुरं लांब ठेवली, तर आपली गवतं बहुतेक काम स्वतःच करतात.

भिडे यांच्याही आधी एका बाईने या इलाख्यातल्या गवतांवर लिहिलं होतं. 1889 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये भारत आणि सिलोनमधल्या सुगंधी गवतांवर एक टिपण आलं. त्यात ‘अँड्रोपोगॉन ओडोरॅटस’ या नव्या जातीचं वर्णन होतं. स्थानिक लोक तिला वैदी गवत म्हणत. लेखिकेचा उल्लेख ‘मिसेस लिस्बोआ’ एवढाच. त्यांचं नाव ज्युलिया. नवरा जोसे कामिलो लिस्बोआ हे मुंबईत स्थायिक झालेले गोव्याचे डॉक्टर. 1886 च्या मुंबई गॅझेटियरमधला उपयुक्त वनस्पतींचा भाग त्यांनी लिहिला आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या गवतांची यादीही केली. वनस्पतीच्या नावापुढे ते देणाऱ्याचं आडनाव लिहितात. वैदी गवताच्या पुढे नुसतं ‘लिस्बोआ’ येतं, आणि नवऱ्याचं गवतांवरचं काम माहीत असलेला वाचक ते त्याच्याच खात्यावर मांडून मोकळा होतो. हे गवत बाईंचं आहे. संशोधकांनी निदान आपल्या याद्यांत तसं स्पष्ट लिहावं, असं मला कळकळीने वाटतं.

वैदी गवत आता ‘बॉथ्रिओक्लोआ’ प्रजातीत धरतात आणि ती मारवेलाची अगदी जवळची. बागेतल्या माणसाचा इथे गोंधळ होतो, कारण दोघांचीही कणसं हाताच्या बोटांसारखी फुटतात. खूण सांगतो. कणसातल्या जोडीपैकी देठवाल्या कणिशकाचा देठ उजेडासमोर धरून साध्या भिंगाने पाहावा. देठाच्या मधोमध पारदर्शक खाच उभी दिसली तर बॉथ्रिओक्लोआ. खाच नसेल आणि खोडाच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असेल तर मारवेल. एवढं पाहायला शिकलं, की भिडे काय करत होते त्याची चव लागते.

सुगंधी गवतांचा व्यापार हा वेगळाच मोठा विषय, इथे धावता उल्लेख पुरे. खानदेशात रोशा गवताचं तेल गाळलं जाई. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात पोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. याच गवताचे मोतिया आणि सोफिया हे दोन प्रकार 1909 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी नीट वेगळे केले. आपल्या किनाऱ्यावर या घराण्यातला घरोघरचा प्रतिनिधी म्हणजे मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारा गवती चहा. तो सहसा फुलतच नाही, ठोंबांवरच पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चौल-नागावच्या वाड्यांत त्याला कोणी शोभेचं झाड म्हणणार नाही. पण तीन-चार वर्षांनी ठोंब उकरून, फोडून, उन्हात नव्या जागी लावला, तर त्याच्याइतका देखणा निळसर-हिरवा झुबका कोणत्याही परदेशी गवताला जमत नाही.

युरोपात गवतांना फुलबागेत मानाने बसवलं जर्मनीच्या कार्ल फर्स्टर यांनी. पॉट्सडॅमजवळ बोर्निमला त्यांची रोपवाटिका होती, आणि गवतं व नेचे बागेत कसे आणावेत यावरचं त्यांचं पुस्तक 1957 मध्ये आलं. तिथून ही आवड जगभर पसरत न्यूयॉर्कच्या हाय लाइनपर्यंत पोचली. आपल्याकडे ती मासिकांतल्या चित्रांतून आली, आणि येताना गवतंही तिकडचीच घेऊन आली. फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातलं. त्याची हिरवी जात वाऱ्यावर बी उधळते. हवाईत ती लाव्हाच्या उतारांवर पसरली आणि तिथल्या वणव्यांचं इंधन झाली. युरोपीय संघाने 2017 मध्ये तिला घातक परक्या जातींच्या यादीत टाकून विक्री बंद केली. आपल्या रोपवाटिकांतली जांभळी जात सहसा बी धरत नाही, हे खरं. पण हिरवीही सर्रास विकली जाते आणि घेणाऱ्याला फरक कोणी सांगत नाही. घाणेरीसुद्धा आपल्या देशात बागेच्या शोभेसाठीच आणली होती. ती सह्याद्रीत कुठवर पोचली, ते कनकेश्वराच्या पायऱ्या चढताना कोणालाही दिसतं. हिरवं फाउंटन ग्रास रायगडात कोणी लावू नये, या मताला मी कुठलीही मुरड घालणार नाही.

तिकडच्या पुस्तकांतली निगाही इथे उलटी पडते. त्यांचं वर्ष बर्फावर बेतलेलं: गवत उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यात वाळतं, वसंताच्या तोंडावर कापतात. आपल्या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने थेंब नाही. गवत जूनमध्ये फुटतं, भाद्रपद-आश्विनात निसवतं, दिवाळीला सोनेरी होतं, मार्गशीर्षानंतर पिवळं पडून उभं राहतं. म्हणजे ते खरं नटतं नेमकं फुलबागा थकलेल्या असतात त्या दिवसांत. त्या पिवळ्या गवताला पाणी घालायचा मोह टाळावा. डिसेंबरनंतर नळी सोडली तर ठोंब अर्धवट जागे होतात, मुळं कुजतात, गवत बेंगरूळ दिसतं. खतही नको. शेणखताच्या वाफ्यात लावलेलं मारवेल दुपटीने वाढतं आणि श्रावणातल्या पहिल्या वादळात लोळतं. मुरमाड, जांभ्याची, पाणी न धरणारी उताराची जागा, दिवसभर ऊन आणि समुद्राचा वारा, हीच त्याची हौस. आगरातल्या माडा-पोफळीच्या सावलीत मात्र यातलं काही जगत नाही. तिथे हट्ट करू नये.

जागेनुसार गवत निवडावं. मारवेल बैठकीजवळ लावावं. ते मऊ असतं, टोचत नाही आणि खारट मातीतही तगतं. मोया मोठ्या दगडाशेजारी, दोन-दोन फुटांवर. फाउंटन ग्रासची जी कमान लोक विकत घेतात, ती याच्यात फुकट आहे आणि हे आपल्या ओढ्यांचं आहे. डोंगरी गवत त्याच्या सोनेरी, विरळ कणसांसाठी उतारावर. कुसळ दिसायला सगळ्यांत सुंदर, पण ती पायवाटेपासून चांगली लांब, बागेच्या मागच्या टोकाला असावी. तिची कूस हवेतल्या ओलाव्याने पीळ सोडते-घेते आणि बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवते. तीच करामत ती कपड्यांवर आणि कुत्र्याच्या कानातही करते. वाळा बांधाला किंवा उताराला. ठोंब चार-सहा इंचांवर ओळीत लावले, तर दोन पावसांत सलग कुंपण होतं. मुळं सरळ खाली कित्येक फूट जातात आणि माती धरून ठेवतात. धरमतर खाडीकाठच्या मातीसाठी मला याच्याहून चांगलं काही सुचत नाही. जिथे सांडपाणी साठतं तिथे कॉइक्स लावावा. त्याच्या राखाडी-पांढऱ्या टणक बियांच्या माळा मुलं अजूनही ओवतात. कास गवताची पांढरी लाट मोहात पाडते. उसाच्या संकरातही त्याचा मोठा वाटा आहे, कोइमतूरहून 1918 मध्ये लागवडीसाठी आलेला को 205 हा ऊस कासाशी संकर करूनच आला. पण कास जमिनीखालून धावतं. लहान बागेत ते आणि दर्भ दोन्ही नकोत. आणली तर मागाहून कुदळीनेही निघत नाहीत.

जांभ्याचा कातळ अंगणात असेल तर तो फोडून भराव घालू नये. त्याच्या खळग्यांत पावसाळ्यात डायमेरियाची वीतभर उंचीची तांबूस गवतं येतात. कोकणच्या कातळांवर ग्लायफोक्लोआ नावाच्या प्रजातीच्या जातीही वाढतात. तिच्या कणिशकावर कोरीव नक्षी असते, नुसत्या डोळ्यांना ती जेमतेम दिसते. 1981 मध्ये क्यूच्या क्लेटन यांनी ही प्रजाती वेगळी केली. ती पश्चिम घाट, कोकण आणि आसपासच्या पठारांपलीकडे कुठे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून 2012 मध्ये निघालेल्या पोतदार, साळुंखे आणि यादव यांच्या महाराष्ट्रातल्या गवतांवरच्या ग्रंथात या सगळ्यांची तोवरची नोंद मिळते. ज्याला भिडे यांच्या चित्रांपुढे जायचं आहे, त्याने तो ग्रंथ हाताशी ठेवावा.

किनाऱ्याच्या अगदी कडेला ज्यांची घरं आहेत, त्यांना एक विनंती. वाळूवर पसरणारं, टोकदार पानांचं आणि काटेरी गोळ्यांचं स्पिनिफेक्स उपटू नका. ते गोळे वाऱ्याबरोबर वाळूवरून घरंगळत जातात, नव्या जागी रुजतात आणि टेकाड बांधून ठेवतात. ते टेकाड हाच तुमचा समुद्राकडचा बांध. आणि उंच गवताचा एक पट्टा बागेत राखलात, तर सुगरणही येईल. नर लांब पानाच्या कडेला चोचीने खाच घेऊन उडतो आणि धागा सोलून नेतो. सलीम अलींनी 1930 मध्ये सुगरणीचा तो प्रसिद्ध अभ्यास केला तो इथेच, किहीमला. एक नर एकामागून एक घरटी बांधून एकामागून एक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी तिथल्या वसाहतीवर दिवसेंदिवस नजर ठेवून दाखवलं. किहीमच्या परिसरात आज लॉन उदंड आहेत. लॉनच्या पात्यातून सुगरणीला धागा निघत नाही.

वर्षाचं काम मोजकं आहे. वाळलेलं गवत शिमग्यापर्यंत उभं ठेवावं, मुनिया दाणे टिपत राहतात. त्यानंतर मात्र ठेवू नये, कारण फाल्गुनापासून डोंगरांवर वणवे लागतात आणि वाळकं गवत आग घराशी आणतं. जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापावं. त्याहून खाली गेलं तर ठोंबाचे डोळे जातात. कापलेलं गवत आंबा-चिकूच्या कलमांना आच्छादन म्हणून घालावं, जाळू नये. ठोंब फोडायचे ते पहिले दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर, आकाश भरलेलं असताना. पानं निम्मी छाटून, मुळांना माती ठेवून लावले तर बहुतेक सगळे धरतात. पहिल्या पावसाळ्यात खुरप्याने तण काढत राहावं. दुसऱ्या वर्षी गवतच तणाला जागा देत नाही.

या गवतांचं बी दुकानात मिळत नाही, गोळा करावं लागतं. फणसाडमधून काही आणू नये. ते 1986 पासून अभयारण्य आहे, आणि जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीच्या रानात राखले गेलेले तिथले माळ तसेच राहायला हवेत. रस्त्याकडेचं, आणि बांधकामासाठी खरवडलं जाणार असलेल्या जागेतलं, मालकाला विचारून घ्यावं. मारवेल आणि मोया आश्विन-कार्तिकात पिकतात. मुठीने कणीस ओढलं आणि दाणे सहज हातात आले, की बी तयार. ते सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावं आणि पिशवीवर जागा व तारीख लिहावी. कुसळीचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते, म्हणून तेही पुढच्या पावसासाठीच. पेरणी रोहिणी-मृगाच्या संधीला: जमीन वरवर खरवडून, बी वाळूत मिसळून फेकायचं आणि पायाने दाबायचं, पुरायचं नाही. आश्विन-कार्तिकात मांडवा ते मुरूड रस्त्याच्या कडेला मारवेल पिकलेलं असतं.